तिसरी नोटीस

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गावसभेच्या नोटिसा लावण्याचे काम माझ्याकडे होते. कायद्याने तीन जागा लागतात आणि सभेला किमान तीस दिवस अवकाश असावा लागतो. सभा ५ मार्चला, म्हणजे परवापर्यंत नोटिसा लागल्याच पाहिजेत.

टाउन क्लार्क, म्हणजे गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या लोरेटाबाईंनी तीन प्रती आणि पिनांची डबी हातात दिली. "पोरी, हातमोजे घे, पिना घे, आणि आज तोंडही बरोबर ने. ते नेहमी टेबलावरच विसरून जातेस."

कचेरीचे दार — झाले. टपालघर — झाले. बर्टाच्या दुकानात मात्र शेगडीभोवती सहा पुरुष कॉफी पीत बसले होते आणि सूचनांचा फळा नेमका त्यांच्या पाठीमागे! विषय अर्थातच नोटिशीतले कलम अकरा : नेटी चालवते ती गावाची स्वतःची रुग्णवाहिका ठेवायची की बंद करायची. ऑर्विल स्टॅनार्ड मधोमध. बंद करा म्हणणाऱ्यांचे ते म्होरके.

"आलं बघा सरकार!" मला पाहताच ते म्हणाले. "काय हेमा, त्या कागदावर लिहिलंय का, की ऑर्विलच्या गाई विका आणि नेटीच्या गाडीत पेट्रोल घाला?"

"अहो, तिला नका विचारू. ती उत्तर लेखी पाठवते," दुसरा कोणीतरी म्हणाला.

सगळे हसले. मीही ओठांनी हसले. दुधाचा डबा घेतला आणि बाहेर पडले. दुपारनंतर तिथे कोणी नसते.

२ फेब्रुवारी, शनिवार

बर्फ! काल दुपारी सुरू झाले ते अजून थांबलेले नाही. आई रुग्णालयातच अडकली — दोन पाळ्या सलग. दिवसभर फावडे, आणि मधल्या वेळात इथली राज्यघटना. नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख आली आहे : १४ मार्च.

४ फेब्रुवारी, सोमवार

रस्ते मोकळे झाले. कुत्र्यांच्या परवान्यांचे बिल्ले मोजत बसले होते. लोरेटाबाईंनी आतून विचारले, "नोटिसा लागल्या ना?" लागल्या म्हटले. त्यांनी वहीत तसा दाखला लिहून सही केली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

मुलाखतीचे शंभर प्रश्न केव्हाच पाठ झाले आहेत; त्यांतले दहा विचारतात, सहा बरोबर आले की उत्तीर्ण. (दहावीला जिल्ह्यात पहिली आलेल्या मुलीला आणखी काय येते? पाठांतर!) म्हणून आता उत्तरे बाजूला ठेवून मूळ मजकूर वाचते आहे.

एक गोष्ट अकरा वर्षे इथे राहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. ही घटना विश्वासाच्या पायावर उभी नाही, ती नीट विचारपूर्वक बाळगलेल्या अविश्वासावर उभी आहे. काँग्रेस कायदा करते, पण तो राबवू शकत नाही. राष्ट्राध्यक्ष राबवतात, पण करू शकत नाहीत. त्यांनी नाकारलेला कायदा काँग्रेस दोनतृतीयांश मतांनी पुन्हा उभा करते. न्यायालयाजवळ सैन्य नाही, तिजोरी नाही. त्याच्याजवळ 'हे चालणार नाही' एवढे म्हणण्याचा अधिकार तेवढा आहे. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच्या दाराची कडी. आणि एवढे करूनही जे केंद्राला दिले नाही, ते राज्यांचे किंवा लोकांचे!

लोरेटाबाईंना हे सांगितले. (लोकांत मी बोलत नाही, त्यांच्याशी बोलते.) त्या म्हणाल्या, "आणि गावाचं काय? गावाला राज्य देईल तेवढंच. राज्यानं सांगितलं, तीस दिवस आधी सांगा, तर तीस दिवस. एकोणतीस केलेस तर तो गप्पांचा फड, सभा नव्हे."

एकतीस वर्षे त्या टाउन क्लार्क आहेत. दर वेळी निवडून. त्यांच्या वह्यांत खाडाखोड नाही.

५ मार्च, मंगळवार

गावसभा. शाळेच्या व्यायामशाळेत लोखंडी खुर्च्या, मागे कढईभर गोडसर घेवडा, तपकिरी पाव, सारण भरून भाजलेली सतरा प्रकारची गोड पक्वान्ने. मी लोरेटाबाईंच्या टेबलाशी — मतदार नाही म्हणून दोरीच्या अलीकडे.

कलम अकराला दोन तास लागले. सभाध्यक्ष एल्डन प्राउटी यांचा हातोडा तीनदा पडला.

स्टॅनार्ड उभे राहिले. "सभाध्यक्ष महाराज, गावात चारशे अकरा मतदार. कर भरतो प्रत्येक जण, गाडीत झोपतात वर्षाला साठ. ब्रॅडविकची गाडी भाड्याने बोलवा!"

रुग्णवाहिका चालवणारी नेटी मागून ओरडली, "ब्रॅडविकहून यायला पस्तीस मिनिटं लागतात, ऑर्विल! तेवढा वेळ तू श्वास रोखून धरशील?"

"नेटी, माझ्याशी नाही, सभाध्यक्षांशी बोल."

"सभाध्यक्ष महाराज, ऑर्विलना विचारा, ते श्वास रोखून धरतील का?"

हशा. मग वरच्या वाडीतली एक म्हातारी उठली. तिने वाद घातला नाही. नवऱ्याला न्यायला गेल्या वर्षी गाडी किती मिनिटांत आली, तो आकडा तेवढा सांगितला — चौदा — आणि ती बसली.

उभे राहून मोजणी. दोनदा मोजले. ठेवावी — ९७. बंद करावी — ९३.

चार मतांनी रुग्णवाहिका राहिली! नेटीने एल्डन प्राउटींच्याच गळ्यात मिठी मारली. स्टॅनार्ड टोपी घालून शांतपणे तिच्याकडे गेले, हात मिळवला, आणि घेवड्याच्या रांगेत उभे राहिले.

११ मार्च, सोमवार



दुधासाठी नेते ती कापडी पिशवी धुवायला म्हणून खुंटीवरून काढली आणि उलटी केली. तळाच्या अस्तरात अडकलेल्या चार पिना आणि चौघडी घातलेला कागद. नोटीस. तिसरी.

मी ती लावलीच नाही. त्या माणसांच्या मधून फळ्यापर्यंत सहा पावले चालण्याची लाज वाटली म्हणून दुपारवर ढकलले. दुपारी बर्फ आले, आई आली नाही, आणि मग ते डोक्यातून गेले. साफ गेले. सोमवारी 'लागल्या' म्हटले तेव्हा मी खोटे बोलत नव्हते — पण खरेही बोलत नव्हते. मी बिल्ले मोजत होते!

तीन जागा हव्या होत्या, दोन होत्या. म्हणजे ती सभा सभा नव्हे. ९७ आणि ९३ हे गप्पांच्या फडातले आकडे. आणि दाखल्याखाली सही लोरेटाबाईंची.

हे कोणालाही माहीत नाही. फक्त मला.

१२ मार्च, मंगळवार

आईला सांगितले.

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही. "गावाचं वार्षिक पुस्तक घरोघर टपालानं गेलं होतं ना? त्यात सभेची तारीख होती?"

"होती."

"माणसं आली होती?"

"एकशे नव्वद. गेल्या दहा वर्षांत एवढी आली नव्हती."

"मग कोणाचं काय अडलं? एका फळ्यावरचा एक कागद! परवा तुझी मुलाखत आहे. सरकारी दाखला खोटा पडला आणि तो तुझ्यामुळे, हे तू आपणहून जाऊन सांगणार? अकरा वर्षं मी लोकांची अंगं पुसली ती ह्यासाठी?" मग जरा खाली आवाजात, "गप्प बसायला तुला एरवी शिकवावं लागत नाही. आत्ताच कुठून वाचा फुटली?"

 आईचे म्हणणे चुकीचे नाही. कागदाचा हेतू लोकांना कळवणे हा होता, आणि लोकांना कळले होते. मग उरले काय? एक पोकळ नियम. आणि त्या पोकळ नियमाच्या दुसऱ्या टोकाला नेटीची गाडी आणि ती चौदा मिनिटे.

१४ मार्च, गुरुवार

मुलाखत झाली.

अधिकारी जाडजूड, सर्दी झालेले, सौजन्यशील. खरे बोलण्याची शपथ घ्यायला लावली. मग प्रश्न. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. घटनेतील दुरुस्त्या किती? सत्तावीस. सरकारची एक शाखा बलाढ्य होऊ नये म्हणून कशाची योजना आहे? सत्तेच्या विभाजनाची. चौथा, पाचवा — प्रश्न संपायच्या आत उत्तर. ते हसून म्हणाले, "बाई, मला निदान वाचू तरी द्या."

मग सहावा : "कायद्याचं राज्य म्हणजे काय?"

उत्तर मला झोपेतही आले असते. कायदा सर्वांना लागू आहे. सरकारलाही. कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही. मी तोंड उघडले आणि — काही नाही! घड्याळ ऐकू येत होते. त्यांनी नाक पुसले, वाट पाहिली. "हा तर सोपा आहे, बाई. लोक हाच आधी पाठ करतात."

"येत नाही," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा कोणा परीक्षकाला मी हे दोन शब्द सांगितले. त्यांनी फुली मारली आणि पुढचा विचारला. सिनेटमध्ये सभासद किती? शंभर. "उत्तीर्ण," ते म्हणाले. "अभिनंदन."

परत येताना बसमध्ये मी रडले. शेजारच्या बाईने न विचारता कागदी रुमाल दिला.

१६ मार्च, शनिवार

दिवसभर एकच विचार.

समजा, मी गप्प राहिले. काय होईल? रुग्णवाहिका राहील, लोरेटाबाईंची वही स्वच्छ राहील, आई सुखी राहील. चांगल्या हेतूने, चांगल्या कामासाठी, चारशे अकरा माणसांच्या वतीने एकटी मी ठरवेन, की हा नियम पाळण्याजोगा नव्हता. माझे मत रुग्णवाहिकेच्या बाजूने आहे म्हणून ते मला सोपे जाते आहे. निकाल उलटा लागला असता तर? सोमवारी सकाळी आठाला मी नोटीस घेऊन लोरेटाबाईंच्या टेबलाशी उभी असते! हे कळले आणि स्वतःचीच किळस आली.

एवढी मोठी यंत्रणा घटना लिहिणाऱ्यांनी कोणासाठी उभारली? दुष्ट राजांसाठी, असे मी समजत होते. पण दुष्टांना ओळखता येते. त्या कड्या सज्जनांसाठी आहेत — ज्यांची खात्री पटलेली असते की आपण लोकांच्या भल्याचेच करतो आहोत, त्यांच्यासाठी. ज्यांच्या हाती थोडीशीच सत्ता असते, आणि तिच्याकडे बघणारे कोणी नसते, त्यांच्यासाठी. सध्या कॅल्डरमिल गावात अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती टाउन क्लार्कची मदतनीस आहे.

आणखी एक. घटनेचे पाचवे कलम : दुरुस्ती कशी करावी. चार महिने बंद दाराआड घाम गाळून लिहिलेल्या मसुद्यात त्यांनी आपणहून लिहून ठेवले, की आमचे चुकलेले असेल. चूक लपवण्याची सोय कुठेच नाही, सुधारण्याची आहे. उशिरा, किचकट, पण आहे.

१८ मार्च, सोमवार

सांगितले.

लोरेटाबाई कोट काढत होत्या. मी घडी घातलेला कागद आणि चार पिना टेबलावर ठेवल्या आणि सगळे एका दमात बोलले. तीन मिनिटे मी सलग बोलले असेन. त्या एका बाहीतून हात काढून तशाच उभ्या राहिल्या.

"त्या बडबड्यांच्या मधून जायची लाज वाटली?"

"हो."

"सहा पावलं."

"हो."

त्या बसल्या. वही काढली, ४ फेब्रुवारीचे पान उघडले. मला वाटले, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरे झाले असते! त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"माझं नाव लिहा," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"चूक तुझी आहेच. सही माझी आहे. फळा बघायला मी गेले नाही. दुकान समोर आहे, खिडकीतून दिसतं! एकतीस वर्षं मी स्वतः जात होते. यंदा गुडघा दुखत होता." मग समासात, त्या सुंदर सरळ अक्षरात, त्यांनी लिहिले : सदर दाखला चुकीचा आहे. तारीख. सही.

"आता पंचांना फोन करते," त्या म्हणाल्या. "तू कॉफी कर. कडक कर."

२५ मार्च, सोमवार

गावाच्या तीन पंचांची बैठक. कायद्यात सोय आहे : नव्याने नोटीस काढून सभा बोलवायची आणि आधीच्या निर्णयाला मान्यता आहे की नाही, हे मताला टाकायचे. ३० एप्रिल ठरली.

खोली भरली होती. सगळ्या नजरा माझ्यावर. रुग्णवाहिकेच्या बाजूचे आपले लोकच जास्त चिडले आहेत. बर्टा म्हणाली, "माझ्या दुकानात रोज येतेस, दूध नेतेस. मला दिला असतास तर मी लावला नसता का कागद?" काय सांगणार?

नेटी जिन्यात भेटली. "चार मतं, हेमा! चार मतं मिळवायला मी सगळा हिवाळा दारं ठोठावली. तुझ्या प्रामाणिकपणाला चक्कर आली तर मला फोन करू नकोस. ब्रॅडविकला कर." आणि ती भराभर पायऱ्या उतरून गेली.  

स्टॅनार्ड कोपऱ्यात बसून होते. जिंकायची दुसरी संधी मिळाली होती, पण चेहरा पडलेला. समजले नाही.

२९ मार्च, शुक्रवार

तीन नोटिसा. तिन्ही ठिकाणी लोरेटाबाई बरोबर आल्या, काठी टेकत.

बर्टाच्या दुकानात शेगडीभोवती तेच सहा जण. मी आत गेले तशी बोलणी थांबली. सहा पावले. चार पिना. माझी मान तापली होती, पण कागद सरळ लागला.  स्टॅनार्ड बुटांकडे पाहत होते.

१७ एप्रिल, बुधवार

शपथ घेतली. बावीस देशांचे एकोणचाळीस लोक. न्यायाधीश बाई प्रत्येकाचे नाव नीट म्हणण्याचा प्रयत्न करत होत्या. माझे त्यांना दुसऱ्या खेपेला जमले. आईने निळी साडी नेसली होती आणि बर्फाचे बूट. तिने सगळ्या कार्यक्रमात माझा हात सोडला नाही. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "झालं बाई. आता काय हवं ते बोल."

दुपारी लोरेटाबाईंनी माझे नाव मतदार यादीत चढवले.

३० एप्रिल, मंगळवार

हरलो.

आठवडाभर पाऊस आणि वितळते बर्फ. वरच्या वाडीचे कच्चे रस्ते म्हणजे नुसता राबडा. नेटीची स्वतःची गाडी आसापर्यंत रुतली, ती दीड मैल चालत आली. चौदा मिनिटांवाली म्हातारी आली नाही. तिच्या आळीतले कोणीच आले नाही. खालचे, डांबरी रस्त्यावरचे, सगळे आले.

सात मतदारांनी मागणी केली म्हणून कागदी मतपत्रिका. मी रांगेत उभी राहिले. दोरीच्या पलीकडे, पहिल्यांदा. यादीवर लोरेटाबाईंनी माझ्या नावापुढे खूण केली, वर न पाहता. मी लिहिले, घडी घातली, पेटीत टाकले.

मान्य — ६१. अमान्य — ७४.

माझे पहिले मत हरणाऱ्या एकसष्टांत. नोटिसा या वेळी तीन होत्या, दिवस बत्तीस होते, एकही त्रुटी नव्हती. सगळे कायदेशीर. एल्डन प्राउटींनी हातोडा आपटला. १ जुलैपासून गाडी बंद.

नेटी गेली तेव्हा तिच्या पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

१ मे, बुधवार

मी बरोबर वागले. त्याचा आज काडीचाही उपयोग होत नाही.

६ मे, सोमवार

दुपारी ऑर्विल स्टॅनार्ड कचेरीत आले. लोरेटाबाई जेवायला गेल्या होत्या. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला : निर्णयाचा फेरविचार व्हावा यासाठी मतदारांचा अर्ज. एकवीस सह्या लागतात. वर एकच होती — त्यांची.

"पण तुम्ही तर जिंकलात!"

"चिखल जिंकला. निम्मं गाव घरात अडकलेलं असताना जिंकलेलं काय घरी न्यायचं?" टोपी काढून ते ती हातात फिरवू लागले. "आणि हेमा, त्या शुक्रवारी तू कागद घेऊन परत गेलीस, ते मी पाहिलं होतं. शनिवारी बर्फातून दुकानात गेलो, फळा रिकामा. म्हटलं, राहू दे, हरलोच तर बाहेर काढू. हरलो. मग तोंड उघडायची लाज वाटली. ९७ माणसं डोळ्यांनी पाहिली होती मी."

म्हणजे ते गुपित माझे एकटीचे कधी नव्हतेच.

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले. "यादीत नाव आहे ना आता तुझं?"

दुसऱ्या ओळीत मी माझे नाव लिहिले. मग कोट चढवला, कागद घेतला आणि एकोणीस सह्यांसाठी वरच्या वाडीच्या वाटेला लागले. पहिले दार मीच ठोठावले.